अकरा बेटांचा नकाशा

शिडाच्या होडीत दोन पोरांना आठवडाभर कसं रमवायचं, याचा विचार सुट्टी ठरवताना नवऱ्याने केलाच नव्हता. दुसऱ्याच दिवशी पोरांनी माझं डोकं खाल्लं, तेव्हा मी वैतागून रंगखडू दिले आणि हाताशी आलेला कागद पुढे सरकवला. तो नवऱ्याचा एकुलता एक नकाशा निघाला. पण समुद्राचा नकाशा बहुतेक कोराच असतो, त्याला मी काय करू?

आता त्यावर चाराची अकरा बेटं झाली होती, सगळी सारखीच हिरवीगार. नवरा तासभर नकाशा उलटासुलटा करत बसला. तेवढ्यात समोर खरंच एक बेट दिसलं.

"हे कुठलं?" त्याने विचारलं.

"माझं," धाकटी म्हणाली.

त्याने नकाशाकडे पाहिलं, बेटाकडे पाहिलं आणि हळूच तिला विचारलं, "तिथे प्यायचं पाणी आहे का गं?"