व्हर्नाच्या मापाची

"मागचा स्क्रू अर्धा फेरा सैल कर," मी म्हणालो.

अर्वोने केला. रायफलचा बोल्ट मागे ओढला, पुढे सारला. अगदी अलगद गेला. मग त्याने स्क्रू पुन्हा आवळला, आणि तोच बोल्ट निम्म्यावर येऊन अडला तो अडलाच.

"दस्त्यातून काढली की चालते, दस्त्यात बसवली की अडते," अर्वो म्हणाला. "म्हणजे खोट लोखंडात नाही. लाकडात आहे."

"मग लाकूड परत पाठव ना."

त्याने स्क्रू पुन्हा सैल केला. त्याच्या तळघरात, पाना आणि पटाशी टांगलेल्या भिंतीसमोर आम्ही दोघं उभे होतो. ती रायफल त्याने घरीच जुळवलेली. जुना सांगाडा, नवी नळी, एका दुकानाचा चाप, दुसऱ्या दुकानाचा, खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता. आमच्या मिशिगनच्या उत्तरेला हिवाळा सहा महिन्यांचा, त्यामुळे निम्मे पुरुष तळघरात असले उद्योग करतात. प्रत्येक दुकानदार सांगतो, आमचा भाग ठेवला की बसलाच. स्थळ सुचवणाऱ्याच्या तोंडी मुलगा नेहमी निर्व्यसनीच असतो, त्यातलाच हा प्रकार.

अर्वो हार्यू आणि मी सत्तावीस वर्षं गावाच्या पाण्याचे पंप सांभाळतोय. बोलणं त्याला कधीच जमलं नाही. दिवसभरात 'ढकल' आणि 'थांब' एवढे दोन शब्द निघाले तरी मी घरी जाऊन बायकोला, ग्लेंडाला सांगायचो, आज स्वारी खुशीत होती. त्याच्या घरात बोलायचं काम त्याच्या बायकोकडे, व्हर्नाकडे होतं. ती दोघांच्या वाटणीचं बोलायची, वर माझ्याही वाटणीचं.

सप्टेंबरात, सफरचंदं सोलता सोलता, व्हर्ना स्वयंपाकघरात कोसळली. डॉक्टर म्हणाले, तिला कळलंही नसेल. चौथ्या दिवशी अर्वो कामावर आला आणि तीन नंबरच्या पंपाचं बेअरिंग बदललं. लोक म्हणाले, खंबीर आहे हो. मला नाही तसं वाटलं. त्याच दिवशी तो हात धुवायला नळाखाली उभा राहिला, वाफा निघत होत्या, आणि हा तसाच उभा. शेवटी मीच धावत जाऊन नळ बंद केला. हात लालबुंद झाला होता. "अरे, भाजतंय ना?" मी ओरडलो. त्याने हाताकडे बघितलं, दुसऱ्या कुणाचा असावा तसं. म्हणाला, "ठाऊक नाही."

अंत्यविधीनंतर अकराव्या दिवशी दस्त्याचं पार्सल आलं. तो व्हर्नासाठी होता. एकतीस हंगाम ती अर्वोच्या जुन्या रायफलने हरणं मारत आली, आणि ती रायफल तिला चांगली दीड इंच लांब. मान पुढे ताणून, खांदा वाकडा करून नेम धरायची, तरी आमच्यापेक्षा आधी तिचं हरीण पडायचं. या उन्हाळ्यात अर्वोला कसं कोण जाणे सुचलं, की हिच्या मापाची एक बनवावी. तिने शिवणाची टेप घेऊन कोपरापासून बोटापर्यंत स्वतःचं माप घेतलं होतं, आणि ते माझ्या ग्लेंडाला फोन करून कळवलंही होतं. साठाव्या वर्षी एखादीने साखरपुड्याची अंगठी दाखवावी, इतकी खूश होती.

म्हणून मी पुन्हा म्हणालो, "हे बघ, पार्सलातला कागद वाच. साठ दिवसांत परत घेतात, पण लाकडाला हत्यार लागलेलं नसलं तरच. एकदा पटाशी लावलीस की संपलं. आणि लावून तरी काय करणार? तुझ्या मापाची नाही ती."

"मर्ल," तो म्हणाला, "दिवा धर."

मी दिवा धरला. माझं खरं काम त्याच्यापाशी थांबणं हेच होतं. ग्लेंडाने मला निघताना दारात अडवून सांगितलं होतं, "नुकती बायको गेलेला माणूस, घरात एकटा, आणि तळघरात बंदूक. मला नाही बरं वाटत. तू तिथं बस. आणि येताना त्याच्याकडची काडतुसं घेऊन ये." मी तिला वेडी म्हणालो, पण घेऊन आलो. कपाटातल्या दोन पेट्या, 'शिकारीच्या कॅम्पवर लागतील' असं काहीतरी पुटपुटत जॅकेटच्या खिशात घातल्या. अर्वोने माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. भीती वाटत होती हो मला. रोज सकाळी पंपघराचं दार उघडताना वाटायची, आणि त्याची गाडी उभी दिसली की जायची.

लाकडात नेमकं कुठे अडतंय ते डोळ्यांना दिसत नाही. लोखंडाला रंग फासायचा, दस्त्यात दाबून बसवायचं, काढायचं. जिथे रंग उमटला तिथे लाकूड जास्त. तेवढंच खरवडायचं. नियम एकच, पुन्हा मिळेल ते घासावं. न मिळणाऱ्याला कानस लावू नये. मी तरुणपणी घाईने एकदा लोखंडालाच कानस लावली होती, ती रायफल अजून माझ्या माळ्यावर तोंड लपवून पडली आहे.

अर्वोने आधी मेणबत्तीची काजळी धरली. पण लाकूड काळ्या अक्रोडाचं. काळ्यावर काळं काय दिसणार, कपाळ?

"लाल पाहिजे," मी म्हणालो. "थांब, गाडीत मार्कर आहे का बघतो."

मी खाली परत आलो तेव्हा तो व्हर्नाची लिपस्टिक उघडून उभा होता.

ती चर्चला आणि लग्नाला लावायची तीच. टोक एका बाजूने उतरतं झिजलेलं. तिच्या ओठांनीच झिजवलेलं. "अर्वो, अरे मार्कर सापडला—"

"मार्कर वाळतो. हे वाळत नाही," तो म्हणाला, आणि पंपाला ग्रीस लावावं तशी त्याने ती लोखंडाला फासली. त्या क्षणी मला त्याचा राग आला, खरं सांगतो.

दाबलं, काढलं. लोखंडाची मागची शेपटी बसते त्या खाचेत डाव्या बाजूला लाल ठिपका उमटला, नखाएवढा.

"तिथे," मी म्हणालो.

त्याने पटाशी घेतली. धार लाकडावर टेकवली, आणि थांबला. भिंतीवरचं घड्याळ मला ऐकू येत होतं. आता परतीची वाट बंद होणार, हे त्यालाही कळत होतं. मग एक बारीक सालपट वळून वर आलं.

पुन्हा लाल, पुन्हा दाब, पुन्हा सालपट. ठिपका सरकत गेला, मोठा झाला, पातळ झाला. आठव्या की नवव्या वेळी लाल सगळीकडे सारखा पसरला. लिपस्टिक तळाला लागली होती. त्याने स्क्रू आवळला, बोल्ट सारला. आवाजसुद्धा झाला नाही.

मला वाटलं, आता तरी काही बोलेल. तो म्हणाला, "झालं." आणि झाडू घेऊन सालपटं गोळा करू लागला.

हरणांचा हंगाम आमच्याकडे पंधरा नोव्हेंबरला उघडतो. चौदाला दुपारी रायफलवर बसवलेल्या दुर्बिणीचा नेम जुळवायला आम्ही खडीच्या खाणीत गेलो. काडतुसांची पेटी माझ्याच खिशात होती. मी एक काडतूस काढून त्याच्या हातावर ठेवलं.

"एकच?" अर्वो म्हणाला.

"एकेक करू."

तो तळहातावरच्या काडतुसाकडे बघत राहिला. "ग्लेंडाने सांगितलं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. "हो."

"बाई हुशार आहे," तो म्हणाला. एवढंच म्हणाला. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्याने काडतूस भरलं, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली, गाल लावला. दस्ता आखूड, हा सहा फुटी. दुर्बीण अगदी भुवईला भिडली होती. "मान मागे घे," मी ओरडलो, पण तोवर बार उडाला होता.

धक्क्याने रायफल मागे आली आणि दुर्बिणीची कड कपाळात बसली. भुवईच्या वर चंद्रकोरीसारखी चीर पडली आणि रक्त नाकाच्या कडेने हनुवटीपर्यंत आलं. आमच्याकडे ही खूण कपाळावर आली की आठवडाभर थट्टा होते; ज्याला चीर पडली त्याने कॅम्पवर सगळ्यांची भांडी घासायची. माझ्या तोंडाशी आलेली थट्टा तिथेच विरली.

कारण त्याने रायफल नीट बाजूला ठेवली, कपाळाला हात लावला, बोटं बघितली, आणि म्हणाला, "दुखतंय."

मी रुमाल काढला.

"मर्ल, दुखतंय रे." आवाज लहान मुलासारखा होता. "फार दुखतंय."

"दुखणारच. लोखंड आहे ते."

त्याने नाही म्हणून मान हलवली. रुमाल कपाळाला दाबून तो खडीवर खाली बसला आणि रडू लागला. अठ्ठावन्न दिवसांत पहिल्यांदा. आवाज करून, तोंड उघडं टाकून. मी उभाच राहिलो. खाणीत आमच्याशिवाय कुणी नव्हतं. बसावं की पाठ थोपटावी ते मला कळेना, म्हणून मी लक्ष्याच्या कागदाकडे बघत राहिलो. छिद्र दोन इंच उजवीकडे पडलं होतं.

बराच वेळ गेला. थंडीने माझी बोटं आखडली. तो शांत झाला, नाक पुसलं, आणि रायफल मांडीवर घेतली.

"दस्त्याला मागे रबराचा तुकडा लावू या," मी म्हणालो. "इंचभर वाढेल. तुला बसेल."

"नको," अर्वो म्हणाला. "मीच मान मागे घेईन."

दुसऱ्या बारासाठी त्याने हात पुढे केला. मी खिशात हात घातला, एक काडतूस बोटात धरलं. मग ते सोडून दिलं, आणि अख्खी पेटी काढून त्याच्या शेजारी खडीवर ठेवली.