हजेरीचा कागद

वसाहतीत तिला सगळे लॅबवाली म्हणायचे. अठरा वर्षं जी बाई रोज सकाळी पांढरा कोट पिशवीत घालून मैलापाणी शुद्धीकरण केंद्राच्या फाटकातून आत जाते आणि संध्याकाळी कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय घरात कशाला शिवत नाही, तिला दुसरं काय म्हणणार? वसाहत आणि केंद्र यांच्यामध्ये एक रस्ता, एक ओसाड मैदान आणि एक भिंत. सगळं मिळून दीडशे मीटरही नाही. नळाला गढूळ पाणी आलं की लोक बाटली घेऊन तिच्या दारात हजर. ती बाटली उजेडात धरायची, हुंगायची आणि सांगायची, "उकळून प्या," नाहीतर "काही नाही, पाइपाचा गंज आहे." तिने सांगितलं की विषय मिटला.

हे हुंगणं तिला सरांनी शिकवलं होतं. सर म्हणजे केंद्राचे प्रमुख. ती नवीन होती तेव्हा गाळाच्या नुसत्या नावानेच नाक दाबायची. सरांनी तिला हौदाच्या कठड्याशी नेऊन उभं केलं आणि म्हणाले, "नाक दाबू नकोस. यंत्र नंतर सांगतं, नाक आधी सांगतं. मातीसारखा वास आला तर सगळं ठीक. सडक्या अंड्यासारखा आला तर हवा कमी पडतेय, पळत जाऊन बघायचं." तिच्या बाळंतपणानंतर रजा संपली आणि मुलीचा ताप काही उतरेना, तेव्हा सरांनी कुणालाही न सांगता महिनाभर तिच्या वाटणीचे नमुने स्वतः तपासले, परीक्षानळ्या स्वतः घासल्या. तिला वडील नव्हते. सर तिला 'पोरी' म्हणायचे आणि तिला ते आवडायचं.

म्हणूनच सरांनी एके दिवशी केबिनमध्ये बोलावून नव्या चाचणीबद्दल सांगितलं, तेव्हा तिने त्यांच्यावर शंका घेतली नाही. आसपासच्या तीन शहरांतला मैल्याचा गाळ टँकरने इथे आणायचा, चुना घालून तापवायचा, वाळवायचा आणि त्याचे दाणे पाडून शेतीला खत म्हणून द्यायचे. सहा महिन्यांची चाचणी. परवानगी द्यायची की नाही ते परवाना मंडळ ठरवणार.

"बाहेरचा गाळ म्हणजे वास वाढणार, सर," ती म्हणाली.

"शेड चारी बाजूंनी बंद. आतली हवा लाकडाच्या भुशाच्या थरातून गाळून सोडायची. आणि मुख्य म्हणजे, आधी तीन महिने आपल्याच गाळावर करून बघू. तुझे आकडे लोकांसमोर ठेवू. त्यांना पटलं तरच मंडळाकडे अर्ज. नाही पटलं तर गुंडाळून ठेवू." सरांनी चष्मा पुसला. "फक्त लोकांना नीट समजावून सांगायला हवं. माझं ऐकणार नाहीत, मी पडलो साहेब. तुझं ऐकतील."

ती दोन संध्याकाळी दारोदार फिरली. वसाहतीच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या, भिंतीवर चित्रं दाखवली. दुसऱ्या एका केंद्रातून मागवलेले वाळलेले दाणे काचेच्या बरणीत भरून आणले होते, ती बरणी सगळ्यांच्या हातून फिरली. शिंपीणबाईंनी झाकण उघडून नाक आत घातलं आणि म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्या मोज्यांपेक्षा बरं आहे." सभागृह खदखदून हसलं. लॅबवाली पण हसली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

चहाआधी तिने दाराशी टेबलावर कागद ठेवला. पट्टीने रेघा मारून तिने स्वतः आखलेला. नाव, घर क्रमांक, सही, आणि शेवटच्या रकान्यात डावीकडे चहा, उजवीकडे कॉफी, तिथे नुसती खूण करायची, कारण किती कप लागणार ते आत सांगायचं होतं. वर लिहिलं होतं, 'माहिती सभा – उपस्थिती'.

निवृत्त पोस्टमनकाकांनी पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. आयुष्यभर लोकांच्या सह्या घेतलेला माणूस, सही करताना हजार वेळा विचार करायचा. "ही कशासाठी?"

"हजेरीची आहे, काका. कुठे लग्नाचा करार करतेय!"

"तू म्हणतेस म्हणून," असं म्हणून त्यांनी सही केली आणि चहावर खूण केली.

एकसष्ट सह्या झाल्या. त्यातली एक तिच्या सासूबाईंची. दुसऱ्या दिवशी सरांनी कागद मागून घेतला. "फायलीला लावतो. किती लोक आले ते दिसू दे वरच्यांना."

सभेनंतर पाचव्या आठवड्यात एका सकाळी ती कामावर निघाली तर फाटकाबाहेर टँकर उभे होते. एक नाही, चार. नंबरपाट्या परगावच्या. शेडच्या दोन बाजूंना पत्रे लागले होते, दोन उघड्याच होत्या. भुशाच्या थराचा पत्ता नव्हता. वासाने तिचे डोळे चुरचुरले, आणि तिचं नाक काही कच्चं नव्हतं.

आपल्या गाळावरची चाचणी तर अजून सुरूच व्हायची होती. तिने एक नमुनासुद्धा तपासला नव्हता.

फाटकाशेजारच्या फलकावर मंडळाचा आदेश डकवला होता. ती उभ्या उभ्या वाचू लागली. तीनशे मीटरच्या आत घरं असतील तर निम्म्याहून जास्त कुटुंबांची लेखी ना हरकत लागते, असा नियम तिथे लिहिला होता. तो नियम ती पहिल्यांदाच वाचत होती. पुढची ओळ होती: 'सदर वसाहतीतील एकसष्ट कुटुंबप्रमुखांनी ना हरकत दिलेली असून यादी सोबत जोडली आहे.'

यादीची झेरॉक्स तिसऱ्या पानावर होती. रेघा तिच्या हातच्या. सातव्या ओळीला पट्टी सरकली होती, तो बाक तसाच. वरचं शीर्षक मात्र टाइप केलेलं: 'प्रस्तावित चाचणीस आमची हरकत नाही.' आणि शेवटच्या रकान्यावर, चहा-कॉफीच्या जागी, 'सहमत'. खाली एकसष्ट खुणा. पोस्टमनकाकांची चहावरची खूण सहमत झाली होती. सासूबाईंची कॉफी सहमत झाली होती.

टँकरचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि तिला बाजूला व्हायचं सुचत नव्हतं.

सर केबिनमध्ये होते. ती न विचारता आत गेली.

"सर, तो कागद हजेरीचा होता."

"दार लाव."

तिने दार लावलं नाही. सरांनी उठून स्वतः लावलं.

"हे बघ पोरी, मंडळाची मुदत संपत होती. या वर्षी नाही तर कधीच नाही. ही चाचणी मिळाली नसती तर पुढच्या वर्षी केंद्रच बंद करणार होते. तुझी लॅब, माझी खुर्ची, चाळीस माणसं."

"मग लोकांना तसं सांगितलं असतं मी. जाऊन विचारलं असतं."

"आणि त्यांनी दिल्या असत्या सह्या. तू मागितल्यावर कुणी नाही म्हणालं असतं? मी फक्त एक फेरी वाचवली."

"मग मला का नाही विचारलंत?"

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तू नाही म्हणाली असतीस."

एवढं सरळ उत्तर त्यांनी दिलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं. त्यांनी आढेवेढे घेतले असते तर तिला निदान भांडता आलं असतं.

घरी पोचेपर्यंत बातमी तिच्या आधी पोचली होती. कुणीतरी आदेशाचे फोटो काढून सगळ्यांना पाठवले होते. जिन्यात शिंपीणबाई भेटल्या. नेहमी चार वाक्यं बोलल्याशिवाय सोडायच्या नाहीत. त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून वर गेल्या. घरात सासूबाईंनी खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि फटींत जुन्या साड्या कोंबल्या होत्या.

"मला कॉफी विचारलीस आणि माझं घर विकून आलीस," त्या म्हणाल्या.

"आई, मला माहीत नव्हतं हो."

"तेच तर म्हणते. अठरा वर्षं सगळ्यांना सांगत फिरलीस, मला माहीत आहे म्हणून."

तिला हुंदका आला. सासूबाईंनी तिला जवळ घेतलं नाही, पण ताट वाढलं आणि ती जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या.

दोन दिवस ती नुसती कामावर गेली आणि आली. तिसऱ्या दिवशी तिने पक्कं केलं. मंडळाला लिहायचं: तो कागद हजेरीचा होता. पण तिच्या एकटीच्या लिहिण्याला कोण विचारतं? लोकांनीही तसं लिहून द्यायला हवं होतं. तिने मजकूर तयार केला, खाली रकाने आखले आणि पुन्हा दारं वाजवायला निघाली.

पहिल्या दाराने विचारलं, "परत सही?" दुसऱ्याने दार उघडलंच नाही. शिंपीणबाईंनी उघडलं आणि शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या कागदावर मी आता वाढदिवसाच्या शुभेच्छाही लिहिणार नाही." सातव्या दारापर्यंत तिच्या कागदावर एकच सही होती, तिची स्वतःची.

आठवं दार पोस्टमनकाकांचं. त्यांनी तिला आत घेतलं, बसायला मात्र सांगितलं नाही.

"मी तुला विचारलं होतं," ते म्हणाले.

"हो काका."

"मी चाळीस वर्षं लोकांकडून सह्या घेतल्या. कशासाठी ते न सांगता एकही नाही." त्यांनी तिच्या हातातला कागद वाचला, घडी करून परत दिला. "मजकूर खरा आहे. पण रकाने तुझे आहेत. लोक आता तुझ्या रकान्यांना भितात. ज्याने त्याने आपल्या कागदावर, आपल्या शब्दांत लिहू दे. मी गोळा करीन. तू कशालाही हात लावू नकोस."

तिने मान हलवली. काका हे तिच्यासाठी करत नव्हते, हे तिला कळत होतं.

आठ दिवसांत काका सत्तावीस पत्रं घेऊन मंडळाच्या कार्यालयात गेले. पाकिटातली, वहीच्या पानावरची, एक तर शिंपीणबाईंच्या मापाच्या चिठ्ठीवर लिहिलेलं. लॅबवालीने आपलं पत्र वेगळं टाकलं, खाली पदनामासकट पूर्ण सही करून. महिन्याभराने सुनावणीचं बोलावणं आलं.

मंडळाची खोली लांबट होती, पंखा आवाज करणारा. टेबलाच्या डोक्याशी मंडळाच्या अधिकारी बाई, एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला काका आणि वसाहतीतले पाच जण. लॅबवाली कुठल्या बाजूला बसावं म्हणून क्षणभर घुटमळली. शेवटी भिंतीजवळच्या खुर्चीत बसली.

"तुम्ही अर्जदाराच्या कर्मचारी आहात ना?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"हो. पण तो कागद मी आखला होता. तो हजेरीचा होता. शेवटचा रकाना चहा की कॉफी याचा होता."

कुणीतरी हसू दाबलं. अधिकारी बाई हसल्या नाहीत. त्या सरांकडे वळल्या.

सरांनी घसा साफ केला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "सभा बाईंनी घेतली. कागद बाईंनी तयार केला, बाईंनीच मला आणून दिला. जसा आला तसा मी पुढे पाठवला. शीर्षकही त्यांनीच टाइप करून लावलं होतं. आता वसाहतीत राहायचं म्हटल्यावर त्यांच्यावर दबाव येणं मी समजू शकतो."

तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत नव्हते. 'बाई' म्हणत होते. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

"मूळ कागद कुठे आहे?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"फायली हलवताना गहाळ झाला," सर म्हणाले.

"खोटं आहे हे," ती म्हणाली. तिला वाटलं होतं आपण ओरडू, पण आवाज जेमतेम समोरच्या टेबलापर्यंत पोचला. "सर, तुम्ही मला केबिनमध्ये सांगितलंत. एक फेरी वाचवली म्हणालात."

"असं काही बोलणं झाल्याचं मला आठवत नाही," सर म्हणाले.

त्यावर तिच्याकडे पुरावा नव्हता. दार त्यांनी स्वतः लावलं होतं.

निकाल पंधरा दिवसांनी आला. 'सह्यांच्या स्वरूपाबाबत परस्परविरोधी निवेदने प्राप्त झाली. मूळ प्रत उपलब्ध नसल्याने निष्कर्ष काढता येत नाही.' परवानगी कायम. शेड चारी बाजूंनी बंद करावी, महिन्यातून एकदा तपासणी करावी, पुढल्या मुदतवाढीसाठी ना हरकत घरोघर जाऊन मंडळाने स्वतः घ्यावी. एवढं वाढलं होतं. काका म्हणाले, "सहा महिने गेले हातचे, पण पुढचे अजून गेले नाहीत." ते वसाहतीच्या बाकीच्यांशी बोलत होते. ती ऐकत होती.

तिची बदली झाली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, पंपघरात. तिथे तपासायला नमुने नव्हते, तासातासाला दाबाचा आकडा नोंदवायचा. लॅबमध्ये नवी मुलगी आली. तिच्या तपासणीत पहिल्या महिन्याचे आकडे काय आले हे लॅबवालीला कुणी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. वासाची नोंद मात्र लॅबवाली घरून ठेवू लागली, तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, आणि दर शनिवारी मंडळाला पाठवू लागली. पोच यायची. उत्तर यायचं नाही.

एका दुपारी सर पंपघरात आले. हातात फळांची पिशवी. इकडून जात होतो, म्हणाले. तिने स्टूल पुढे केलं, ते बसले.

"राग अजून आहे का, पोरी?"

तिने वहीत तारीख टाकली.

"मला निवृत्तीला आठ महिने आहेत. मंडळापुढे मी कबूल केलं असतं तर सगळं गेलं असतं. तुझं काय गेलं? बदलीच झाली ना. लोकांचं म्हणशील तर लोक विसरतात."

"तुम्ही पलीकडच्या टेकडीवर राहता, सर. मी त्यांच्यातच राहते."

सर काही तरी म्हणणार होते, पण तास भरला होता आणि तिला आकडा नोंदवायचा होता. ती उठून पंपाकडे गेली. काच पुसली, दाब वाचला, वहीत लिहिला. वळून पाहिलं तेव्हा ते फाटकापर्यंत गेले होते. फळं स्टुलावर होती. तिने पिशवी उचलली, त्यांच्या मागोमाग चालत गेली आणि त्यांच्या हातात परत दिली.