अण्णाच्या अंगणातला कप्पा

मी कप्पा. कपाटात असतो तो नव्हे. केरळात माझ्या कंदाला कप्पा म्हणतात. जमिनीच्या वर माझं झाड असतं, माणसाहून जरा उंच. पानं लांब देठांची, हाताच्या बोटांसारखी फाकलेली. त्या पानांनीच माझा घात केला होता.

इथे आलो तेव्हा मी वीतभर काडी होतो. शोभनानं मला ओल्या पोत्यात गुंडाळून केरळातून आगगाडीनं आणलं. तिचा नवरा सुकुमारन वणीजवळ चंद्रपूर रस्त्यावर ट्रकांच्या टायरांचं दुकान चालवतो. दुकानामागच्या दोन खोल्या विठ्ठलरावांच्या. ते आणि विमलताई भिंतीपलीकडेच राहतात, त्यांचं कापसाचं शेत गावाबाहेर आहे. सुकुमारनला सगळे 'अण्णा' म्हणायचे. पण तो पाठमोरा झाला की एकमेकांकडे बघायचे.

मला इथल्या मातीचाच भरवसा नव्हता. काळी, चिकट, एकदा भिजली की पाणी धरून बसणारी. माझी भावंडं तिच्यात कुजली. मग शोभनानं राख आणि मुरूम कालवून उंच वरंबा केला, तेव्हा कुठे मी जपून मुळं सोडली.

पावसाळा सरता सरता मी भिंतीवरून डोकावलो. दात घासणारे विठ्ठलराव थबकले.

“विमल, इकडं ये. हे पान मले ओयखीचं वाटून राह्यलं.”

विमलताई आल्या. “कायचं झाड हाये गं, शोभना?”

“कप्पा, ताई.”

“कप्पा? कपाटाचा?”

शोभनाला काही कळलं नाही, म्हणून ती नुसती हसली. विठ्ठलरावांना ते हसणं खटकलं. आत जाताना ते हळूच म्हणाले, “गांजा हाये. पोलीस आले तं घरमालक म्हणून मलेच नेतीन.”

तेव्हापासून दुकानात कुठलाही ट्रक थांबला की विठ्ठलराव ओट्यावर येऊन उभे राहू लागले. शोभना मला पाणी घालायला आली की पलीकडची खिडकी किलकिली व्हायची. दसरा झाल्यावर विठ्ठलरावांनी सांगूनच टाकलं, “अण्णा, झाड उपटून फेक, नाहीतर खोल्या खाली कर.”

सुकुमारननं होकाराची मान हलवली. शोभना माझं खोड धरून बराच वेळ उभी राहिली. तिची पकड मला नवी वाटली. ही मला सांभाळतेय की उपटतेय, ते मला कळेना.

दुसऱ्याच सकाळी विमलताईंची शेळी भिंतीवरून आली आणि माझा पाला ओरबाडू लागली. शोभना स्वयंपाकघरातून ओरडत धावली, “विषम! विषम!” तिच्या भाषेत विषाला तसंच म्हणतात. विमलताईंना तेवढं बरोबर समजलं. शेळी लटपटत खाली बसली, तोंडाला फेस आला.

“पाहा!” विमलताई रडत म्हणाल्या. “सोताच म्हणते इष हाये, अन् आमच्या भिंतीले लागून लावलं?”

सुकुमारननं दुकान तसंच टाकलं आणि मोटारसायकलवरून जनावरांच्या डॉक्टरांना आणलं. इंजेक्शन दिल्यावर संध्याकाळपर्यंत शेळी उभी राहिली. डॉक्टरांनी माझं पान हातात घेतलं.

“गांजा नाही हा. याच्या कंदाचा साबुदाणा होतो. पण कच्चा पाला जनावराला बाधतो.”

विमलताईंनी डोळे पुसले. “म्हंजे एकादशीले मी हेच खाते?” मग त्यांचा चेहरा पुन्हा पडला. “मंग साबुदाण्यात बी जहर असते का?”

डॉक्टर नाही म्हणाले, तरी पुढच्या एकादशीला विमलताईंनी नुसती भगर खाल्ली.

मी वाचलो, पण काट्यांच्या कुंपणात. भिंतीपलीकडची भीती सगळीच खोटी नव्हती, हे मलाही मान्य करावं लागलं. माझ्यात विष आहे, शिजवून काढावं लागतं.

थंडी ओसरल्यावर शोभनानं मला खणलं. कंद सोलला, उकडला, पाणी ओतून दिलं आणि वाफाळतं ताट हिरव्या मिरचीच्या चटणीसह भिंतीवर ठेवलं.

“आधी तू खाय,” विमलताई म्हणाल्या.

शोभनानं खाल्लं. विमलताई तिच्याकडे बघत बसल्या. तिचा चहा झाला, भांडी घासून झाली, तरी बघत होत्या. मग त्यांनी एक तुकडा तोडला, सावकाश चावला.

“रताळ्यासारखं गोड नाही. मीठ कमी हाये.”

“तुमी टाका नं, ताई.”

त्यांनी घरातून मीठ आणलं. जाताना माझी एक काडी मागून घेतली.

अलीकडे शोभनानंही माझी काडी पुन्हा वरंब्यात लावली, त्यामुळे आता मी भिंतीच्या दोन्ही बाजूंना आहे. पलीकडे माझं नाव साबुकांडी. विमलताईंनी ठेवलं, गल्लीनं उचललं. शोभनाही बाजारात तेच सांगते.

गेल्या आठवड्यात समोरच्या ढाब्यावर बिहारचं एक कुटुंब राहायला आलं. त्यातल्या बाईनं अंगणात कसल्याशा वेलाचे तुकडे पुरले. दोघी भिंतीशी उभ्या राहून बघत होत्या.

“कायचा वेल असन वो, ताई?” शोभना हळूच म्हणाली. “मले तं डाउट येऊन राह्यला.”

विमलताईंनी मान डोलावली. खरं सांगू? मीही पानं वळवून तिकडेच बघत होतो.

बायांनो, संशय घ्यायचा तर घ्या. पण रस्ता ओलांडून एकदा तिला त्या वेलाचं नाव विचारून या.