मुद्दाम बिघडवलेल्या भिंती

मला वाट बघायचं जमत नाही, हे आधीच सांगून टाकते. त्यामुळे सरकारी रंगकामासाठी आमच्या क्वार्टरचा नंबर लागायला अजून दोन वर्षं आहेत असं विनायकनं ज्या दिवशी सांगितलं, त्याच दिवशी मी ठरवलं की घर आपणच रंगवायचं. विनायक म्हणजे माझा नवरा, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. घरातलाही प्रत्येक विषय तो 'बघू' म्हणून बाजूला ठेवतो. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरमधल्या आमच्या दोन खोल्या मात्र इतक्या कळकट झाल्या होत्या की आमची नऊ वर्षांची उत्तरा मैत्रिणींना घरी बोलवायचं टाळायला लागली होती. मला एवढं कारण पुरेसं होतं.

ठेकेदाराचा आकडा ऐकून मी त्याला चहा पाजून वाटेला लावला आणि कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, कुणाकडे उरलेला रंग आहे का? सरकारी कॉलनीत कुणाची ना कुणाची बदली चालूच असते. बदली झालेला माणूस कूलर नेतो, कुंड्या नेतो, पण अर्धा डबा डिस्टेंपर गुवाहाटीपर्यंत कोण वाहून नेणार? दोन दिवसांत आमच्या दारात सात डबे जमा झाले. पिवळा, पिस्ता, फिकट निळा, आणि कुणाच्या तरी बाळाच्या खोलीतला गुलाबी. ब्रश आणि रोलर कोटल्याच्या बाजारातून आणले. पडदे सरोजिनी मार्केटच्या फुटपाथवर, दोनदा पाठ फिरवून, तिसऱ्यांदा माझ्या भावात घेतले. मला इतका चेव आला होता की शनिवारी मी सकाळी सहालाच भिंतीसमोर उभी राहिले आणि दुपारपर्यंत बैठकीची मोठी भिंत पिवळीधमक करून टाकली. फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकले. शाबासक्याही गोळा केल्या.

रविवारी सकाळी उठून बघते तर भिंतीला पोपडे आलेले. रंग जागोजाग फुगला होता आणि दाराजवळ तर तळहाताएवढा तुकडा खालच्या जुन्या चुन्यासकट लोंबत होता. मी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत असतानाच विनायकनं वडिलांना व्हिडिओ कॉल लावला, कारण रविवारी दहाला तो कॉल असतोच.

या कॉलबद्दल सांगायला हवं. माझे सासरे, तात्यासाहेब, कराडला एकटेच राहतात. सासूबाई होत्या तेव्हा फोन हे त्यांचं खातं होतं. कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या म्हशीनं कुणाला ढुशी दिली, सगळं अर्धा तास सांगून झालं की त्या म्हणायच्या, "घ्या, हे आहेत." मग तात्या म्हणायचे, "बरं आहे ना सगळं? ठेवतो." सासूबाई गेल्या त्याला चौदा महिने झाले होते. आता तो अर्धा तास गेला आणि फक्त 'बरं आहे ना, ठेवतो' उरलं. पाऊण मिनिटात फोन बंद. दिल्लीला या म्हटलं की उत्तर एकच, इथं बरं आहे. शेजारचे गुलाबराव सांगायचे की तात्या दिवसभर ओट्यावर बसतात आणि पेपरची घडीसुद्धा मोडत नाहीत. विनायक मला एकदा म्हणाला होता की अशानं तात्या एक दिवस बोलायचंच विसरतील, आणि आपण इथे दिल्लीत बसून बघत राहू. तो रडणारा माणूस नाही, पण त्या दिवशी त्याचा आवाज चिरकला होता.

तर त्या रविवारीही 'बरं आहे ना' झालं. आता 'ठेवतो' येणार, तेवढ्यात तात्या थांबले. चष्मा नाकावर पुढे ओढून त्यांनी विचारलं, "तुझ्या मागची ती भिंत कुणी केली?"

'बरं आहे ना' सोडलं तर चौदा महिन्यांतला त्यांचा हा पहिला प्रश्न. विनायक गोंधळून बाजूला झाला आणि गुन्हेगार म्हणून मी कॅमेऱ्यासमोर आले. तात्यांनी एकतीस वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये रंगकाम केलेलं. आपल्या हाताखालून गेलेल्या एकाही गाडीवर ओघळ सुटला नाही, ही त्यांची आयुष्यातली एकमेव बढाई. त्यांनी मला जे झापलं, ते मी जन्मात विसरणार नाही. जुना रंग खरवडलास का? धुतलास का? भेगांत लांबी भरलीस का? मळक्या अंगावर नवं लुगडं नेसवलंस होय गं? उत्तरा शेजारून विचारत होती, "मम्मा, लांबी मतलब?" मग तात्यांनी तिलाही बसवून लांबी म्हणजे भेग बुजवायचा लगदा, हे पहिल्यापासून समजावलं. फोन ठेवला तेव्हा एक्केचाळीस मिनिटं झाली होती. विनायक स्वयंपाकघराच्या दारात तसाच उभा होता आणि त्याचे डोळे भरले होते. मी इतकी हरखून गेले की शिव्या खाल्ल्या आहेत हे विसरून त्या रंगीत हातांनी त्याला मिठी मारली. त्याचा तो शर्ट आता फरशी पुसायला आहे.

त्याच दुपारी माझ्या डोक्यात आलं की तात्यांना ख्यालीखुशाली विचारून उपयोग नाही, त्यांना चूक दाखवली पाहिजे. मग काय, संध्याकाळी सात वाजले, विनायक ऑफिसातून आला की उत्तरा फोन धरायची आणि मी रोज एक नवीन चूक करायची. कधी रोलर खालून वर फिरवला. कधी खिळ्यांची भोकं न बुजवताच हात मारायला घेतला. एके दिवशी भोळा चेहरा करून विचारलं की पाण्यात कालवलेला डिस्टेंपर कमी पडतोय, तर खिडक्यांचा ऑइल पेंट त्यात ओतून घोटू का? तेव्हा तात्या खुर्चीतून उभेच राहिले आणि फोनमध्ये नुसता त्यांचा सदरा दिसायला लागला. दुसऱ्या दिवशी साताला पाच कमी असताना ते फोन समोर ठेवून, केस विंचरून तयार बसले होते. पहिल्या रिंगलाच उचलला.

भिंती खरोखर सुंदर होत होत्या. चूक मी कोपऱ्यात वीतभर जागेत करायची आणि उरलेली भिंत ते सांगतील तशी. पिस्त्यात चमचाभर पिवळा टाकायला लावून त्यांनी जो रंग साधला, तो कुठल्याही दुकानात मिळणार नाही. आणि रंगाबरोबर इतर गोष्टीही यायला लागल्या. वर्कशॉपमधले साहेब, पावसाळ्यात न वाळणारे पत्रे, आणि मग एकदा, गुलाबीत पांढरा किती घालायचा ते सांगताना, सासूबाई. लग्न होऊन घरी आल्या तेव्हा तात्यांनी हौसेनं खोली गुलाबी केली होती, आणि सासूबाईंनी आठव्या दिवशी सांगितलं की मला लाडूच्या डब्यात राहिल्यासारखं वाटतंय. हे सांगून तात्या हसले. मग हसता हसता गप्प झाले, पण फोन ठेवला नाही. आई गेल्यापासून विनायकनं वडिलांच्या तोंडून तिच्याविषयी एक शब्द ऐकला नव्हता.

अडचण एकच झाली. दोन आठवड्यांत भिंती संपल्या. पडदे लागले, उत्तराच्या चार मैत्रिणी येऊन भटुऱ्यांवर ताव मारून गेल्या, घर असं उजळलं की कुरियरवालासुद्धा आत डोकावून बघायचा. आता सातला काय दाखवायचं? नुसता फोन केला तर पुन्हा 'बरं आहे ना, ठेवतो'.

मी तडक वरच्या मजल्यावर गेले. तिथे विजयालक्ष्मी राहते, मूळची विजयवाड्याची, नवरा ऑडिटमध्ये. तिला सगळं खरं सांगितलं आणि म्हटलं, तुझी बैठक फुकटात रंगवून देते, फक्त सासऱ्यांसमोर. ती आधी पोट धरून हसली आणि मग म्हणाली, "बिल्कुल, आज ही शुरू करो." त्या संध्याकाळी तात्यांनी तिच्याशी हिंदीत बोलायला सुरुवात केली. "मॅडम, पहले भिंत को आंघोळ घालो, फिर सुकने दो," असं ते म्हणाले आणि विजयालक्ष्मीला ते अक्षर न अक्षर समजलं. तिनं आपल्या सासूलाही हैदराबादहून कॉलवर घेतलं. मला तर वाटायला लागलं की आता पूर्ण ब्लॉक रंगवायचा, मग शेजारचा ब्लॉक, विनायक रिटायर होईपर्यंत भिंती पुरतील.

अति तिथं माती म्हणतात ते खोटं नाही. तिसऱ्या दिवशी मला नवीन चूक सुचेना. माझ्या आळशी डोक्यानं काय केलं, तर पहिलीच चूक पुन्हा केली. विजयालक्ष्मीच्या भिंतीचा एक कोपरा न खरवडता तसाच रंगवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आलेले पोपडे संध्याकाळी तात्यांना दाखवले.

ते ओरडतील म्हणून मी तयारीत होते. ते ओरडले नाहीत. भिंतीकडे बघून ते हळू म्हणाले, "केतकी, हे तुला पहिल्याच रविवारी सांगितलंय. तू एकदा सांगितलेलं विसरणारी पोर नाहीस." फोन धरलेली उत्तरा माझ्याकडे बघायला लागली. तात्या म्हणाले, "म्हाताऱ्याला खेळवताय होय तुम्ही?" आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सातला त्यांनी फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही, म्हणून मग आम्ही लावणंच थांबवलं. गुलाबरावांना विचारलं, तर तब्येत चांगली आहे, जेवतात, पण फोनचं नाव काढलं की उठून आत जातात. विनायक मला रागावला नाही, त्यापेक्षा रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला की चौदा महिन्यांनी माझे वडील परत आले होते. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. माफीचे मेसेज लिहिले आणि खोडले, कारण काय लिहिणार? तुम्हाला फसवलं हे खरंच होतं. तुम्ही बोलावं म्हणून फसवलं हेही खरं होतं, पण एकतीस वर्षं इमानानं काम केलेल्या माणसाला खोट्या चुका दाखवायच्या, हे त्याला किती लागेल याचा विचार मी केला नव्हता. शेवटी आम्ही कराडची शनिवारची तिकिटं काढली. पाय धरीन, म्हटलं, पण समोर जाईन.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता मी डबे भरत होते, विनायक इस्त्रीचा शर्ट शोधत होता, उत्तरा एका बुटात पाय घालून दुसरा शोधत होती. फोन वाजला. उत्तरानं बघितलं आणि किंचाळलीच, "पापा, आजोबा का फोन आ रहा है!" आम्ही दोघंही हातातलं टाकून धावलो. सासूबाई गेल्यापासून तात्यांनी स्वतःहून आम्हाला एकदाही फोन केला नव्हता. सासूबाई होत्या तेव्हाही नाही.

मी उचलला. तात्या दाढी करून, स्वच्छ सदरा घालून बसले होते. बाजूला एक ओला ब्रश होता आणि त्यांच्या गालाला पांढरा रंग लागला होता. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. म्हणाले, "आधी माझं ऐक. राग आला होता, तो गेला. काल सात वाजले आणि तुम्हाला फोन करावासा वाटला. पण काय म्हणून करायचा? मग म्हटलं, सूनबाईसारखं आपणही काही तरी बिघडवावं आणि तिला विचारावं. आज पहाटे उठून ब्रश घेतला आणि भिंतीवर ओघळ सोडायचा प्रयत्न केला." ते थांबले. चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिले. "नाही जमलं गं. हात आपोआप ओघळ पुसून घेतो. मला मुद्दाम चुकता येत नाही, तेव्हा म्हटलं सरळच विचारावं. काम काही नाही. बोलायला वेळ आहे का?"

वेळ अजिबात नव्हता. विनायकची नऊची मीटिंग होती आणि पोळ्या व्हायच्या होत्या. विनायक गॅस बंद करून माझ्याजवळ जमिनीवर बसला, आपल्या वडिलांच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाला, "आहे तात्या, भरपूर वेळ आहे." खाली उत्तराची स्कूल व्हॅन दोनदा हॉर्न वाजवून निघून गेली. तात्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, आज डब्याला भाजी कुठली केलीस.