कडी लावलेली नाही

जहाज गेल्याचं कप्तानाला काडीचंही वाईट वाटलं नव्हतं. हे तो स्वतःच सांगत होता, आणि कुणी न विचारता सांगत होता. दूधवाल्याला सांगितलं, जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला सांगितलं, दातांच्या डॉक्टरला तर तोंडात अवजारं असताना सांगितलं. "लोखंडच ते! माणसं सुखरूप परतली, झालं की." मग घरी येऊन तो स्वयंपाकघराच्या भिंतीला कान लावायचा आणि कुरकुरायचा, "या घराला काही आवाजच नाही." रिकामा कप घेऊन ओट्याशी उभा राहायचा, आणि पाणी तापलेलं नाही म्हणून त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

"न सांगता पाणी तापवून ठेवायला मी काय तुमचं जहाज आहे?" बायको विचारायची.

ताऱ्यांमधून माल वाहणाऱ्या त्या जहाजाचं कागदावरचं नाव इतकं लांबलचक होतं, की ते कप्तानासकट कुणालाच धड आठवत नसे. सगळे तिला म्हातारी म्हणत. ती बोलायची, म्हणजे जरा जास्तच बोलायची. कप्तानानं उभ्या आयुष्यात तिच्याबद्दल एक चांगला शब्द काढला नव्हता. वळताना कण्हते, उतरायचं म्हटलं की कुरकुरते, आणि मी बाहेरून यायच्या आत चहाचं पाणी गरम करून ठेवते, अशा त्याच्या तक्रारी असत. यातली शेवटची तक्रार कशी काय झाली, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

तर या म्हातारीचं इंजिन एका फेरीत कायमचं बसलं. सुटकेचं जहाज आलं, खलाशी एकेक करून त्यात गेले आणि रिवाजाप्रमाणे कप्तान सगळ्यांत शेवटी निघाला. दाराशी म्हातारीनं विचारलं, "निघालात?" आता माणूस घाईघाईत बूट चढवत असताना कुणी असं विचारलं, तर तोंडातून जे निघतं तेच निघालं. कप्तान म्हणाला, "आलोच."

सुटकेचं जहाज इकडे वळलं आणि म्हातारी तिकडे वाहत गेली, रोज आणखी लांब. तिला परत आणणं आता कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. कंपनीनं तिच्या नावावर काट मारली. चौकशीत कप्तानाचा काही दोष निघाला नाही. प्रकरण मिटलं असं सगळे धरून चालले होते, तेवढ्यात संदेश-केंद्रातल्या ऑपरेटर बाईंचा फोन आला.

"कप्तानसाहेब, तुमच्या बाईसाहेबांना जरा आवरा."

"कोण बाईसाहेब?" कप्तानानं विचारलं. शेजारी भाजी निवडणाऱ्या बायकोनं मान वर केली.

भानगड अशी होती, की अडचणीतल्या जहाजांनी मदत मागायची म्हणून जी वाहिनी राखून ठेवलेली असते, ती म्हातारीनं अडवून धरली होती. थोड्या थोड्या वेळानं ती एकच निरोप पाठवत होती: "कडी लावलेली नाही. पाणी गरम आहे." उरलीसुरली बॅटरी ती दाराचा दिवा आणि चहाचं पाणी यांवर खर्च करत होती.

"मग तुम्हीच बंद करा ना तिला," कप्तान म्हणाला.

"ऐकते कुठं? मी सांगून थकले. म्हणते, कप्तान 'आलोच' म्हणून गेलेत. ती तुमच्याच आवाजाचं ऐकणार. तुम्ही या आणि एकदाचं सांगा, की येणार नाही म्हणून."

"बघतो," कप्तान म्हणाला. 'बघतो' म्हणजे काय, हे आपल्याला काय सांगायला हवं?

त्यानंतर कप्तानाचा घसा बसला. मग गुडघा धरला. मग म्हणाला, आज वारा फार आहे. "रेडिओला वाऱ्याचं काय हो?" बायकोनं विचारलं, तेव्हा त्यानं ऐकू न आल्याचं सोंग केलं. फोन आला की तो न्हाणीघरात असायचा. इतकी अंघोळ त्यानं लग्नाच्या दिवशीसुद्धा केली नव्हती.

एक दिवस बायको झाडू आणायला अडगळीच्या खोलीत गेली, तर हा गृहस्थ बादली उपडी घालून तिच्यावर बसलेला. मांडीवर जुना रेडिओ, आणि रेडिओला कान. आतून खरखरत आवाज येत होता: "कडी लावलेली नाही. पाणी गरम आहे."

"हे कधीपासून चाललंय?"

"अगं, सहज आपलं..."

"सहज कुणी बादलीवर बसत नाही."

कप्तानानं रेडिओचा आवाज कमी केला, पण बंद केला नाही. मग म्हणाला, "ती वाट बघतेय तोवर ती आहे गं. मी सांगितलं की संपलं. मग खरंच गेली ती."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो खरं बोलला होता. बायकोनं झाडू भिंतीला टेकवला आणि ती समोरच्या खोक्यावर बसली.

"माझं ऐका. तुमचं हे 'आलोच' मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. एकदा 'आलोच' म्हणून गेलात, ते आपली लेक पळायला लागल्यावर उगवलात. मीही कडी लावत नव्हते. जिन्यात पाऊल वाजलं की उठून बसायची. वाट बघण्याचं मला काही वाटलं नाही हो, येणार हे माहीत होतं. पण येणार नाही हे ठाऊक असून जो गप्प बसतो, त्याला काय म्हणावं? तिला निदान झोपू तरी द्या."

कप्तान उठला आणि गणवेशाला इस्त्री करू लागला.

केंद्रात ऑपरेटर बाईंनी त्याला खुर्ची दिली आणि माईक पुढे सरकवला. कप्तानानं घसा खाकरला. "कप्तान बोलतोय. चौकशी समितीच्या निष्कर्षानुसार, सदर जहाजाच्या बाबतीत..."

बरोबर आलेल्या बायकोनं त्याला चिमटा काढला. "नीट सांगा."

"म्हातारे," कप्तान म्हणाला. मग एका दमात बोलून गेला, "मी येणार नाही. यायला जमणारच नाही. ते 'आलोच' आपलं तोंडातून निघून गेलं. वाट बघू नकोस. कडी लाव, दिवे घालव आणि झोप आता." माईक खाली ठेवता ठेवता त्यानं तो पुन्हा उचलला. "आणि तू काही फार कण्हत नव्हतीस. मीच उगाच बोलायचो."

म्हातारी इतकी दूर गेली होती, की निरोप पोचून उत्तर यायला बराच वेळ लागणार होता. बाईंनी बिस्किटं काढली. कप्तानानं भिंतीवरच्या सगळ्या सूचना वाचल्या, थुंकू नये हीसुद्धा. बायको त्याच्या शेजारी बाकावर बसून राहिली.

शेवटी खरखर झाली आणि आवाज आला. "कळलं, कप्तान. कडी लावली. तुमच्या चपला आत राहिल्यात. असू देत. दिवे घालवते." आवाज थबकला. "एकच विचारायचं होतं. पाणी गरम आहे. ठेवू, का ओतून देऊ?"

आणि ज्याला काडीचंही वाईट वाटलं नव्हतं, तो कप्तान त्या कडक इस्त्रीच्या गणवेशात लहान मुलासारखा हमसून हमसून रडू लागला. उत्तर द्यायला त्यानं तोंड उघडलं, पण शब्द काही फुटेना. ऑपरेटर बाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

बायकोनं त्याच्या हातातून माईक घेतला.

"ओतून दे गं," ती म्हणाली. "इकडे मी ठेवते."