खिडकीसमोरचं घर

"तो निळा ठिपका कसला?" मालकांनी विचारलं.

बैठकीच्या खोलीत अजून एकच खुर्ची आली होती. तीत बसून ते समोर बघत होते. ती अख्खी भिंत काचेची होती. खाली झाडी, ओढा, पलीकडे टेकाड आणि टेकाडाच्या पायथ्याशी निळ्या पत्र्याचं छप्पर.

"माझं घर आहे, साहेब," गवंडी म्हणाला.

आर्किटेक्ट बाई हातातल्या नकाशाकडे बघत राहिल्या.

या गवंड्याला सगळे ओळंबा म्हणत. त्याची भिंत इतकी सरळ, की तिच्यावरून ओळंबा तपासून घ्यावा, अशी थट्टा चालायची. मालकांचं हे घर बांधायला त्याला दोन वर्षं लागली होती. एकही झाड तोडलं नव्हतं. एका जुन्या झाडासाठी तर भिंतीलाच वळण दिलं होतं. रंग नाही, नक्षी नाही. दगड, लाकूड आणि काच. "काका, घर इथेच उगवलंय असं वाटलं पाहिजे," बाई म्हणायच्या. त्याला ते मनापासून पटलं होतं. दगड मातीच्या रंगाशी जुळावा म्हणून त्याने तीन खाणी पालथ्या घातल्या होत्या.

टेकाडही आता मालकांचंच होतं. ओळंब्याकडे कागद नव्हता; त्याच्या बापाने आधीच्या मालकाच्या तोंडी शब्दावर तिथे घर बांधलं होतं. नवे मालक काही वाईट माणूस नव्हते. समोरचं घर हलवायच्या बदल्यात त्यांनी गावात दुसऱ्या मजल्यावर खोली दिली. नळाचं पाणी, आत संडास.

"मी म्हटलं होतं, छप्पर मातकट रंगवू," बाईंनी त्याला बाहेर गाठून सांगितलं. "ऐकेनात, काका."

बायकोला सांगायला त्याने चार दिवस लावले. साखरेच्या आजाराने तिचे डोळे जाऊन सहा वर्षं झाली होती. पण भिंतीला हात लावत ती चुलीपाशी, दारापाशी, अंगणातल्या दोरीपाशी बिनघोर जायची.

"आपलं घर त्यांना दिसतं म्हणून?" तिने विचारलं.

"हो."

"मला तर दिसतही नाही. मी कधी कुरकुर केली?" ती हसली. मग तिने पदर तोंडाला लावला.

घर पाडायला यंत्र येणार होतं. ओळंब्याने ते येऊ दिलं नाही. त्याने स्वतःच्या हातांनी एकेक दगड उतरवला. शेवाळलेले ते दगड बाईंना आवडले आणि मालकांच्या घराच्या पायऱ्यांना लागले. पायऱ्या त्यानेच बसवल्या.

नव्या खोलीच्या भिंती गुळगुळीत होत्या. बायको हात फिरवत निघायची आणि मध्येच थबकायची. "अहो, मी कुठं आले?" तो कामावर गेला की ती दिवसभर पलंगावर बसून राहायची. अठराव्या दिवशी सकाळी तो दूध आणायला गेला होता. धुतलेलं लुगडं खांद्यावर टाकून, दार उघडून, ती अंगणात निघाली. बाहेर जिना होता.

खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ती उठून उभी राहिली नाही.

काही महिन्यांनी बाई भेटायला आल्या. घराचे फोटो मासिकात छापून आले होते, पण ते मासिक त्यांनी पिशवीतून बाहेर काढलं नाही. स्टुलावर टेकून त्या म्हणाल्या, "काका, पुढचं काम तळ्याकाठी आहे. तुमच्याशिवाय नाही जमायचं."

त्यांनी जमिनीवर नकाशा पसरला. ओळंब्याने चष्मा लावला. त्यावर एकेक झाड रेखाटलेलं होतं, खडकसुद्धा.

"काचेची बाजू कुठली?"

बाईंनी बोट ठेवलं.

"तिकडे कुणी राहतं का?"

बाईंचं बोट तिथेच राहिलं.

"अहो," पलंगावरून बायको म्हणाली, "ताईंना पाणी तरी दिलंत का?"

ओळंबा उठला. पेला दोनदा विसळला आणि काठोकाठ भरून बाईंच्या हातात दिला.