ह्यांचं पहिलं तिकीट

आमच्या ह्यांची सगळी नोकरी विमानाची तिकिटं देण्यात गेली, पण स्वतःसाठी असं तिकीट त्यांनी कधी काढलं नाही. भास्करराव शितोळे, सरकारी विमान कंपनीचं बडोद्याचं बुकिंग ऑफिस, आणि विमानाच्या वेळेला विमानतळावरचं काउंटर. तेव्हा मुंबईचं विमान एक, दिल्लीचं एक, भाडं सरकार ठरवायचं आणि ज्याला जायचं असेल त्याने आमच्या ह्यांच्या टेबलासमोर उभं राहायचं. मकरपुऱ्याचा कारखानदार असो की कोयलीच्या रिफायनरीचा साहेब, "भास्करराव, कंईक करा ने" हेच सगळ्यांचं पालुपद. लग्नसराईत आमच्याकडे पत्रिकांचा ढीग पडायचा. ते प्रेम आमच्यावर होतं की विमानातल्या जागेवर, हे मी कधी तपासलं नाही.

ह्यांनी मात्र कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. शेवटची एखादी जागा विमानाची शिडी हलेपर्यंत धरून ठेवायची, एवढीच त्यांची स्वतःची रीत होती. कुणाचा बाप दवाखान्यात असतो, कुणाच्या मुलाची मुलाखत असते. असा माणूस धापा टाकत आला की पेनाने एक नाव खोडायचं, दुसरं चढवायचं आणि त्याला धावपट्टीकडे पिटाळायचं. बहुतेक वेळा खोडलेलं नाव आमचंच असे.

म्हणजे असं, की नोकरीची सवलत म्हणून आम्हाला पास होता. प्रवास फुकट, पण जागा उरली तरच. भाडं भरणारा एक जरी आला तरी पासवाल्याने निमूट उठायचं. पासवाल्याने टाय लावायचा, सामान हातात मावेल एवढंच घ्यायचं आणि सगळे चढल्यावर शेवटी चढायचं. हे इस्त्री मोडू न देता विमानतळावर बसायचे आणि संध्याकाळी पुन्हा घरी. वर तोंड करून सांगायचे, "विमान भरून गेलं गं आज." ह्यांचे आजोबा गायकवाड सरकारच्या फौजेत शिलेदार होते. शिलेदाराने जागा सोडायची नसते म्हणतात. नातवाने ती सोडण्यातच जन्म काढला.

ह्याची झळ लागली आमच्या शलाकाला. एकुलती एक मुलगी, शिकायला दिल्लीला गेली, तिथलीच झाली. तिचा पदवीदान समारंभ, नव्या घराची वास्तुशांत, नातवाचा पहिला वाढदिवस, प्रत्येक वेळी मी आगगाडीने आधी पोचायची आणि हे "विमानाने येतो" म्हणून बडोद्यातच राहायचे.  दाराची बेल वाजली की आधी पोरीची मान वळायची.

मग आकाश खुलं झालं. खाजगी विमानं आली, नमस्कार करणाऱ्या मुली आल्या, हात पुसायला गरम रुमाल आले. ज्या लोकांनी आमच्या टेबलासमोर वर्षं काढली होती, ती माणसं एका रुमालावर फितूर झाली. खोटं कशाला बोलू, मलाही तो रुमाल हवासा वाटला. आमच्याही कंपनीला जाग आली आणि कर्मचाऱ्यांना हसायचं शिक्षण सुरू झालं. हे आरशासमोर उभे राहून सराव करायचे आणि मी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून बसायची.

त्यानंतर आली स्वस्त विमानं. प्यायचं पाणीसुद्धा विकत, पण आधीपासून काढलं तर तिकीट आगगाडीच्या थंड डब्याइतकं. शेजारचे गोविंदराव रिफायनरीतून निवृत्त झालेले, जन्मात विमान पाहिलं नव्हतं. ते बायकोला घेऊन नुसते बघायला मुंबईला जाऊन आले, येताना अर्धे थेपले परत घेऊन. चांगलंच झालं की. कुणापुढे हात जोडायला नकोत. फक्त एक वाईट झालं. पूर्वी भाडं महाग होतं, पण रडत आलेल्यालाही तेवढंच पडायचं. आता ज्या दिवशी गरज त्या दिवशी भाव आभाळाला, आणि कुणाला सांगायचं तर समोर माणूस नाही, संगणक.

आमचा फोन गप्प झाला. पत्रिका चारदोनवर आल्या. हे रिकाम्या टेबलाला कंटाळले आणि स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसले. कधी तक्रार केली नाही. लहरीपुऱ्यात भाजी घेताना एखादा जुना ओळखीचा न बघता पुढे गेला की मलाच त्याची मानगूट धरावीशी वाटे.

अशात शलाकाचा फोन आला. पोटात गाठ होती, काढून तपासायची होती. ती साधीच निघाली हे आत्ताच सांगून टाकते, उगीच तुमचा जीव टांगणीला नको. पण तेव्हा आम्हाला ते कुठे माहीत होतं? फोन ह्यांनी घेतला होता. मी शेजारी कान लावून उभी.

"बाबा, आत नेण्याआधी मला तुम्ही दिसायला हवेत," ती म्हणाली. "ह्या वेळी पास नको. तिकीट काढून या, लोक येतात तसे."

जावयाने, पृथ्वीराजने, स्वस्त विमानाची दोन तिकिटं काढून पाठवली. ऑपरेशनच्या आदल्या दुपारचं विमान. ह्यांनी आपल्या नावाचा तो कागद इतक्या वेळा उलटसुलट केला की मी शेवटी तो माझ्या पर्समध्ये ठेवला. निघताना दोघांनी हातावर दही घेतलं. पाहते तर ह्यांच्या गळ्यात टाय, हातात एवढीशी पिशवी, बाकीचं सगळं माझ्या बॅगेत.

"अहो, आज आपण गिऱ्हाईक आहोत," मी म्हटलं.

"सवय गं," हे म्हणाले.

विमानतळावर काउंटरपाशी आमच्या पुढे एक माणूस उभा होता. अंगात मकरपुऱ्यातल्या कुठल्याशा कारखान्याचा गणवेश, पाळीवरून उठून तसाच आलेला. आई दिल्लीला भावाकडे होती, सकाळपासून शुद्ध नव्हती. काय पडेल ते देतो, एक जागा द्या, असं तो गुजरातीत पुन्हा पुन्हा सांगत होता. काउंटरवरची पोरगी वाईट नव्हती, तिचाही चेहरा उतरला होता. पण विमान भरलेलं होतं.

मी ह्यांची बाही घट्ट धरली. मला माझा नवरा ठाऊक आहे.

"पुढे चला," मी म्हटलं. "पोरगी वाट बघतेय."

"चल ने, मी कुठे काय म्हणालो?"

तपासणी झाली, आत जाऊन बसलो, बोलावणं आलं. दारातून चालतच विमानाकडे जायचं होतं. हे म्हणाले, "तू हो पुढे, मी शेवटी येतो." मी म्हटलं, जाऊ दे, जन्माची सवय आहे. तिथेच मी फसले.

खिडकीजवळ मी बसले, शेजारची जागा ह्यांची. माणसं चढली, डोक्यावरची कपाटं बंद झाली, आणि मग आतली मुलगी माझ्याजवळ येऊन वाकली.

"आंटी, अंकलनी प्रवास रद्द केला. म्हणाले, त्यांची जागा काउंटरवरच्या त्या भाईंना द्या. ते स्वतः संध्याकाळच्या गाडीने येतायत, सकाळी ऑपरेशनच्या आधी पोचतील, असं तुम्हाला सांगायला सांगितलंय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण दुसऱ्याच क्षणी तो गणवेशातला माणूस डोळ्यांसमोर आला, आणि मी पर्स उचलून मांडीवर घेतली, त्याला जागा करायला.

"येतोय ना तो?" मी विचारलं.

"नाही आंटी. काउंटर कधीच बंद झालं. आमच्यात एकाचं तिकीट दुसऱ्याला चालत नाही. अंकलना गेटवर सांगितलं होतं, पण ते बरं बरं म्हणत निघून गेले."

दार लागलं. ह्यांच्या मनात अजून ते पेन होतं, एक नाव खोडायचं आणि दुसरं चढवायचं. इथे पेन नव्हतं, यादी नव्हती, शिडीपाशी ओळखीचं कुणी नव्हतं. ह्यांनी मुलीला दिलेला शब्द मोडून जागा सोडली आणि त्या जागेवर कुणीच बसलं नाही. दिल्लीपर्यंत मी त्या सीटकडे बघत होते आणि मला रडू येत होतं, रागाने की कशाने कोण जाणे.

दवाखान्यात शलाका उशीला टेकून बसली होती. मी एकटीच आत आलेली पाहून तिने माझ्या मागे दाराकडे पाहिलं, मग मान फिरवली.

"तिकीट होतं ना?" ती म्हणाली.

"होतं. अडलेल्या माणसाला दिलं त्यांनी. त्याची आई मरायला टेकली होती."

"मग तो आला का?"

"नाही," मी म्हटलं. "नियमात बसत नव्हतं. जागा रिकामी आली. उद्या येऊ दे त्यांना, चूक चांगली पदरात घालते. म्हणावं, जन्मभर दिल्यात तशा जागा आता कुणाला देता येत नाहीत. तुम्हालाच अजून कळत नाही."

शलाका उशीवरून खाली सरकली. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी तिच्या पायांवर पांघरूण घातलं.

सकाळी तिला न्यायला माणसं आली तरी ह्यांचा पत्ता नव्हता. गाडी उशिरा. चाकांचा पलंग व्हरांड्यात आला, पृथ्वीराजने तिचा हात धरला होता, आणि लिफ्टचं दार उघडून हे बाहेर आले. टाय तसाच, शर्ट चुरगळलेला, दाढी वाढलेली. रात्र डब्याच्या दाराशी उभं राहून काढलेली दिसत होती. पलंगापाशी येऊन त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. 

"आलो बरं का बेटा," हे म्हणाले. "तुला सांगितल्याप्रमाणे तिकीट काढलं होतं. पण तो माणूस..." आणि माझ्याकडे वळून अगदी आशेने विचारलं, "पोचला ना गं तो? तुझ्या शेजारीच बसला असेल. भेटली त्याला आई?"

मी तोंड उघडलं. रात्रभर घोकलेलं सगळं जिभेवर होतं.

"भेटली, बाबा," पलंगावरून शलाका म्हणाली. "वेळेत पोचले ते. आईने मला सगळं सांगितलं."

ह्यांनी डोळे मिटले. खांदे असे सैल पडले की मी चटकन त्यांचा दंड धरला. शलाकाने त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन एकदा दाबला आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. मग पलंग आत गेला.

आम्ही बाकावर बसलो. पृथ्वीराज चहा आणायला गेला. हे त्या बंद दाराकडे बघत हळूच मला म्हणाले, "काय काय बोलला गं तो वाटेत?"

आयुष्यात मी ह्यांना कधी खरं सुनावल्याशिवाय सोडलं नाही. आज मी ह्यांचा टाय सैल केला आणि सांगायला सुरुवात केली.